चहाआधी सिद्ध झालेलं गणित

"गणित! गणिताचं काय एवढं कौतुक! ज्या माणसानं आयलर्सबाईंना रिव्हर्समध्ये गाडी लावायला शिकवलं, त्याच्यापुढे गणित म्हणजे किस झाड की पत्ती!"

हाब्बो यान्सेन हे एका दुपारी चहाचा कप हातात घेऊन आपल्या बायकोला, गेझीनेला, म्हणाला. तिथेच कुणीतरी त्याच्या तोंडावर हात ठेवायला हवा होता. पण गेझीने तेव्हा चहा ओतत होती, आणि आमच्याकडे चहा ओतताना कुणी हात दुसरीकडे नेत नाही.

हाब्बो म्हणजे आमच्या नॉर्डरफेनचा ड्रायव्हिंगचा मास्तर. गावात ज्याला ज्याला गाडी येते, त्या प्रत्येकाच्या कानात त्याचा आवाज घुमलेला. "आरसा बघ! खांद्यावरून मागे बघ! आता इंडिकेटर दे!" आमचे पाद्रीबुवा चर्चमध्ये बोलायला उभे राहण्याआधी एकदा खांद्यावरून मागे बघतात, ती याचीच शिकवण! उत्तरेकडच्या समुद्राकाठचा आमचा मुलूख इतका सपाट, की चढावर गाडी उचलायला शिकवायची तर समुद्राच्या बांधावर न्यावी लागते. तिथे मेंढ्या आडव्या येतात आणि काही केल्या बाजूला होत नाहीत. अशा ठिकाणी आयुष्यभर मास्तरकी केलेल्या माणसाला कशाची भीती वाटणार!

एका गोष्टीची मात्र सवय होत नव्हती. त्याची मुलगी तोम्के घरात नव्हती.

पोरगी इंजिनीयरिंगला गेली होती, दूर दक्षिणेकडच्या मोठ्या शहरात, तांत्रिक विद्यापीठात. खरे वर्ग ऑक्टोबरात भरायचे. पण पहिल्या वर्षाचं गणित पोरांना झेपत नाही, म्हणून तिथे सप्टेंबरभर आधी तयारीचा वर्ग घेतात. आजारी पडण्याआधीच कडू औषध! त्यामुळे हाब्बोच्या हिशेबानं जी पोरगी अजून महिनाभर घरात असायला हवी होती, ती ऑगस्ट संपता संपता बॅग घेऊन गेलीसुद्धा. आपल्या वाट्याचा एक अख्खा महिना गणितानं चोरला, असं तो जो भेटेल त्याला सांगायचा.

सगळ्यात वाईट वेळ दुपारी तीनची. आमच्याकडे तीनला चहा म्हणजे चहाच. कपात खडीसाखरेचा मोठा खडा, त्यावर कडक चहा, खडा तडतडला की कडेनं साय सोडायची आणि बिलकूल ढवळायचं नाही. तीन कप घ्यायचे. पुरे झालं की चमचा कपात ठेवायचा, नाहीतर समोरचा ओततच राहतो. तोम्के बोलायला लागल्यापासून त्या टेबलाशी बसून बडबडत आलेली. शाळेतल्या भानगडी, मैत्रिणींचे रुसवे, कुणाच्या सायकलची चेन कशी बसवली, सगळं तीन कपांत. आता तिची खुर्ची रिकामी. हाब्बो सवयीनं तिचा कप भरायचा आणि भरलाच आहे तर म्हणून स्वतः प्यायचा. रात्री डोळे टक्क उघडे! "चहामुळे झोप येत नाही," असं तो सांगायचा.  गेझीनेलाही येत नव्हती.

आणि फोन? फोनवर काय व्हायचं तेही ऐका.

"काय ग, कशी आहेस?"

"ठीक, बाबा."

"जेवलीस?"

"हो."

"काय चाललंय?"

"गणित."

"अरे वा! मग... कसंय गणित?"

"आहे."

इथे हाब्बोचा दारूगोळा संपायचा. मग तो हवा सांगायचा. आमच्याकडे हवा एकच, वारा! "आज वारा आहे," तो म्हणायचा. "अच्छा," ती म्हणायची. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ त्या फोनकडे असा बघत बसायचा, की जणू त्यानंच काहीतरी लपवून ठेवलंय.

"तू काय बोलतोस रे तिच्याशी?" गेझीने एकदा वैतागली. "वारा! एकोणीस वर्षांच्या पोरीशी वारा बोलतात? ती सध्या गणितात राहते. तुला तिच्याकडे जायचं असेल तर तिकडे जा की!"

"म्हणजे मी गणित शिकू?"

"जमेल का?"

हे "जमेल का" फार झालं. त्यावरच आपल्या मास्तरांनी वर सांगितलेली ती गर्जना केली.

दुसऱ्याच दिवशी त्यानं माळ्यावरून तोम्केची जुनी पुस्तकं खाली काढली. तिकडे सध्या काय शिकवतात, हे फोनवर काढून घेतलं. "विगमन," ती म्हणाली, आणि तिचा आवाज जरा बसल्यासारखा होता. पण हाब्बोचं लक्ष ते नाव टिपून घेण्यात.

पुस्तकात पहिलंच उदाहरण होतं. एकपासून कुठल्याही संख्येपर्यंत सगळ्या संख्यांची बेरीज करायची असेल, तर शेवटची संख्या घ्या, तिला तिच्या पुढच्या संख्येनं गुणा आणि निम्मे करा. झालं उत्तर! आणि खाली लिहिलेलं: सिद्ध करा.

"सिद्ध करा म्हणजे काय, खरं आहे का बघा!" हाब्बो खूश. "बघू की!"

एक, दोन, तीन. बेरीज सहा. आता तीन गुणिले चार, बारा, निम्मे सहा. बरोबर! चारपर्यंत दहा. बरोबर! पाचपर्यंत पंधरा. अरे वा!

पुढचं पान त्यानं उघडलं मात्र, आणि त्याच्या भुवया वर गेल्या. तिथे लिहिलं होतं: "समजा हे विधान एखाद्या संख्येसाठी खरं आहे..."

"समजा?" तो ओरडला. "गेझीने, हे बघ! जे सिद्ध करायचंय तेच समजा म्हणतात! उद्या आयलर्सबाई येऊन म्हणतील, समजा मला गाडी येते, द्या लायसन्स! ही काय पद्धत झाली?"

त्यानं ते पान उलटून टाकलं आणि आपला सचोटीचा मार्ग धरला. एकेक संख्या घ्यायची, बेरीज करायची, पडताळायची. पावतीमागे, रुमालावर, पेट्रोलपंपावरच्या जाहिरातीवर, मिळेल तिथे बेरजा! डोक्यात तर चोवीस तास.

आता आयलर्सबाईंचं सांगतो. या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या. नवरा गेल्यावर साठीत गाडी शिकायला आल्या. स्वभाव असा, की मास्तरांनी सांगितल्याशिवाय काही करायचं नाही. त्या दिवशी धडा होता गावाबाहेरच्या गोल चौकाचा. बाई चौकात शिरल्या. कुठून बाहेर पडायचं, हे मास्तर सांगणार. मास्तर शेजारी बसून छताकडे बघत पुटपुटतायत.

"मास्तर?"

"सदतीस अधिक..."

बाईंनी एक फेरी पूर्ण केली. मग दुसरी. त्यांनी इंडिकेटर दिला, बंद केला, परत दिला. बेकरीची गाडी, दुधाचा टँकर, शाळेची बस, सगळे आले आणि गेले. बाई आपल्या गोल गोल.

"मास्तर, मला थोडं गरगरतंय हो," त्या शेवटी अदबीनं म्हणाल्या.

"बरोबर!" हाब्बो किंचाळला. "सातशे तीन! तंतोतंत!"

बाईंना वाटलं, बरोबर म्हणजे असंच चालू ठेवायचं! शेवटी समोरून पोलिसांची गाडी आली, आणि ओळखीचा पोलीस काच खाली करून म्हणाला, "हाब्बो, काही हरवलंय का रे इथे?" तेव्हा कुठे त्या चौकातून दोघांची सुटका झाली. बाई त्या दिवशी ऑर्गनवर बसल्या, तेव्हा म्हणे एकच ओळ परत परत वाजवत होत्या.

पण काम फत्ते! शंभरापर्यंत पडताळून झालं. एकही चूक नाही! हाब्बो चहाच्या वेळेआधीच घरी आला, बूटही न काढता फोनकडे धावला.

"तोम्के! ते विगमनाचं, बेरजेचं उदाहरण आहे ना? मी सिद्ध करून टाकलं!"

"तू?"

"मग! चहाआधी! सोपं आहे ग ते, त्यात काय एवढं! गाडी शिकवता शिकवता झालं!"

"खरंच झालं? पूर्ण?"

"पूर्ण म्हणजे! चोख! तुम्ही लोक उगाच बाऊ करता!"

पलीकडे शांतता. मग तोम्के हळूच म्हणाली, "बरं. ठेवते बाबा."

हाब्बोनं फोन ठेवला आणि हात चोळले. "थक्क झाली पोरगी! शब्द फुटेना तिला!" त्या दिवशी त्याला वाटलं, आता बोलायला विषय मिळाला. उद्यापासून रोज फोन! तो पुढच्या धड्याची तयारी करून बसला. फोन आला नाही. परवाही नाही. त्यानं केला तर तिनं उचलला नाही. हाब्बोनं दोनदा फोन दुरुस्तीवाल्याला दाखवला. फोन उत्तम होता.

मग एका संध्याकाळी गेझीने स्वयंपाकघरातून बाहेर आली, हात पुसत. तिचा चेहरा बघूनच हाब्बो उठून उभा राहिला.

"तोम्केचा फोन होता. माझ्याकडे."

"मग मला का नाही दिलास?"

"तुझ्याशी बोलायचं नव्हतं तिला. उद्या दुपारच्या गाडीनं परत येतेय ती. सगळं सोडून."

आता खरं सांगायचं तर हाब्बोला काय झालं? आनंद झाला! काळजातून असा काही आनंद उसळला, की पाय आपोआप कपाटाकडे वळले आणि त्यानं तिचा कप बाहेर काढला. परत येतेय! उद्या! टेबलाशी बसेल, बडबडेल, आणि...

"ठेव तो कप," गेझीने म्हणाली. "का येतेय ते विचारलं नाहीस."

"का?"

"महिनाभर ते उदाहरण तिला जमत नाहीये. वर्गात इतर सगळ्यांना कळतं आणि आपल्यालाच कळत नाही, असं तिला वाटतं. रडते रोज. आणि मग तू फोन केलास. म्हणते, बाबाला चहाआधी जमलं, चालत्या गाडीत जमलं, मला महिन्यात जमत नाही, तर मी कसली डोंबलाची इंजिनीयर होणार!"

हाब्बो मटकन खाली बसला. कप हातातच.

"मी तर तिच्याशी बोलायचं म्हणून..."

"माहीत आहे रे."

"मला वाटलं, थक्क झाली."

"हाब्बो," गेझीने समोर बसली, "मला एकच सांग. खरंच सिद्ध केलंस का तू?"

"शंभरापर्यंत!"

"आणि एकशेएक?"

 एकशेएक त्यानं करून पाहिलं नव्हतं.  मग गेझीनेनं तो कप त्याच्या हातातून घेतला आणि कपाटात परत ठेवला. "मलाही ती हवीय रे घरी," ती पाठमोरी म्हणाली. "पण अशी नको."

मध्यरात्र उलटताच हाब्बो निघाला. घरात गाडी एकच, शिकवणीची. टपावर मोठी पाटी, शेजारच्या सीटखाली ब्रेक आणि क्लचचा जादा संच. हायवेवर ट्रकवाले त्याला पाटी बघून दयेनं वाट देत होते, एकानं तर हात हलवून धीरही दिला! गाडीत हाब्बोचं स्वतःशीच भांडण जुंपलेलं. एक हाब्बो म्हणे, तिला खरं सांगायचं, माफी मागायची, समजूत घालून परत वर्गात बसवायची. दुसरा हाब्बो म्हणे, सामान बरंच असेल, मागची सीट पाडून ठेवू या का? पहिला त्याला गप्प बसवी. थोड्या वेळानं दुसरा परत विचारी, वाटेत तिच्यासाठी सँडविच घ्यायचं का? दोन्ही बाजूंना पेडल असलेल्या गाडीत माणसाचं असंच होतं.

विद्यापीठाच्या आवारात गाडी लावायला जागा नाही! हाब्बो तीन चकरा मारतो, घड्याळात आठला पाच कमी. वर्ग आठचा, हे तोम्केनं सांगितलेलं; गाडी दुपारची, म्हणजे तोवर ती वर्गातच सापडणार. शेवटी दरवाज्याजवळ एक सुंदर रिकामी जागा दिसली, समोर कुणाच्या तरी नावाची पाटी. आयुष्यभर पोरांना ज्यानं "पाटी वाच! पाटी वाच!" म्हणून सतावलं, त्या माणसानं पाटी वाचली, इकडेतिकडे बघितलं, आणि गाडी लावली. पाचच मिनिटांचं काम!

विचारत विचारत, ठीक आठच्या ठोक्याला तो तिच्या वर्गाच्या सभागृहात शिरला. चर्चला घालायचा रविवारचा कोट, हातात धड्याचे कागद ठेवायची चामड्याची बॅग. आता तिथली रीत अशी, की वेळापत्रकात आठ म्हणजे खरे सव्वाआठ. शिकवणारे सव्वाआठला येतात, हे तिथल्या भिंतींनासुद्धा माहीत! हाब्बोला कुठून माहीत असणार? त्याच्याकडे आठ म्हणजे आठ, एक मिनिट उशीर झाला तर धडा रद्द.

खालच्या दारानं आत आल्यामुळे तो सरळ फळ्यासमोरच उभा राहिला. समोर बाकांच्या रांगा पायऱ्यांसारख्या वर चढत गेलेल्या, आणि त्यावर पोरंच पोरं. त्याला बघून कुजबुज थांबली. सगळ्यांनी वह्या उघडल्या.

हाब्बो गोंधळला. तोंडातून आमच्याकडचा सवयीचा नमस्कार निघाला, "मॉइन!"

"मॉइन!" अख्खं सभागृह म्हणालं.

तो तोम्केला शोधू लागला. दिसेना. इतक्यात पहिल्या बाकावरच्या एका लांबुडक्या मुलानं हात वर केला. "सर, आमच्या नेहमीच्या बाई आज नाहीत का? नाही म्हणजे, बरंच झालं. मला ते बेरजेचं विगमन अजून कळलेलं नाही. आणि शुक्रवारी चाचणी आहे."

"मलाही नाही कळलं," शेजारची मुलगी पुटपुटली.

"मलाही," मागून कुणीतरी.

सांगायला हवं होतं की बाबांनो, मी तो नव्हे. जीभ तशी वळलीसुद्धा होती. पण समोरच्या त्या लांबुडक्या पोराचे हात वहीवर थरथरत होते. असे हात हाब्बोनं स्टिअरिंगवर हजारदा बघितलेले. असा माणूस समोर असताना त्याला सोडून जायचं, हे त्याच्या रक्तातच नाही! आणि बेरजेचं उदाहरण म्हणाल, तर तेवढं एकच त्याला येत होतं.

"घाबरायचं नाही," तो म्हणाला. "आधी दीर्घ श्वास. खांदे सैल सोडा. आरसे नीट आहेत ना?"

पोरं हसली. हाब्बोनं खडू उचलला. एक बरोबर एक. एक अधिक दोन, तीन. सूत्रानं तीन. बरोबर! फळ्याचा पहिला भाग भरला. दुसरा भरला. तो बटण शोधून फळा वर सरकवतो, खालून दुसरा येतो, तोही भरतो! विसापर्यंत आल्यावर त्यानं घाम पुसला. "बघा! एकही चुकलं नाही! सिद्ध!"

लांबुडक्यानं मान वाकडी केली. "पण सर, ही सिद्धता नाही ना?"

"का नाही?"

"एकविसावं चुकलं तर?"

"कशाला चुकेल? इतके बरोबर आलेत!"

"पण चुकलं तर?"

"अरे, मी शंभरापर्यंत करून पाहिलंय घरी!"

"आणि एकशेएक?"

हा प्रश्न त्याला दुसऱ्यांदा विचारला गेला होता, आणि उत्तर अजून तेच होतं. हाब्बोनं फळ्याकडे बघितलं, खडूकडे बघितलं.

"मला येत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे मला येत नाही! ते पुस्तकातलं 'समजा' मला कळलंच नाही. मी ते पान उलटून टाकलं. आणि वर माझ्या मुलीला फोन करून सांगितलं, की सोपं आहे, चहाआधी झालं. फुशारकी मारली, दुसरं काय! ती बिचारी महिनाभर झटतेय आणि मी..."

"बाबा!"

सगळ्यात वरच्या रांगेतून. वरच्या दारानं नुकतीच आत आलेली, कोट अंगात, पाठीवर बॅग, हातात मैत्रिणीला परत द्यायला आणलेलं पुस्तक. तोम्के! शंभर माना वर वळल्या, मग परत खाली.

"बाबा, तू काय करतोयस तिथे!" तिचा चेहरा लालबुंद.

"शोधत होतो तुला," हाब्बो म्हणाला. "मग हे विचारायला लागले."

"म्हणजे तू सिद्ध केलंच नव्हतंस?"

"बेरजा केल्या ग नुसत्या."

ती तरातरा पायऱ्या उतरून खाली आली. त्याच्यावर अशी काही चिडली होती, की रडायचंही विसरली. "नुसत्या बेरजा! आणि मला म्हणालास चोख! अरे, अशा किती बेरजा करशील? संख्या संपतात का कधी?"

"मग काय करायचं?"

"दे तो खडू!" तिनं तो ओढूनच घेतला. "आपल्या बांधाच्या पायऱ्या आठव. कुठल्याही एका पायरीवर तू उभा आहेस असं समज."

"समज? पण हेच तर..."

"मध्ये बोलू नकोस! कुठली पायरी ते विचारू नकोस, कुठलीही. तिथपर्यंतची बेरीज सूत्रानं येते, असं समजू. आता तिच्यात पुढची एक संख्या मिळव." ती लिहीत गेली. अक्षर आधी वेडंवाकडं, मग सरळ होत गेलं. "दोन्हीतून सारखं बाहेर काढ. उरलेलं जुळव. काय आलं?"

हाब्बोनं डोळे बारीक केले. "तेच सूत्र. एका पायरीनं वरचं."

"म्हणजे मी फुकटात काही धरलं नाही! मी एवढंच दाखवलं, की ज्या पायरीवर पाय आहे तिथून पुढच्या पायरीवर पाय पोचतोच. मग आता एकच बघायचं, की पहिल्या पायरीवर तू आहेस का. आहेस! मग दुसरी आली, तिसरी आली, एकशेएक आली, सगळ्या..."

ती बोलता बोलता थांबली. खडू हवेतच. तिनं स्वतःच लिहिलेल्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत.

"अरे," ती हळूच म्हणाली. "हे असं आहे होय!"

आधी लांबुडक्यानं बाकावर बोटांचे सांधे आपटले. मग शेजारणीनं. मग सगळं सभागृह लाकडावर टकटक करू लागलं, तिथे टाळ्या वाजवायची हीच रीत. गारा पडाव्यात तसा आवाज! त्यात एक टकटक दारावरून येत होती. तिथे एक ठेंगण्याशा बाई छत्री घेऊन उभ्या होत्या, घड्याळात बरोबर सव्वाआठ.

"उत्तम," त्या म्हणाल्या. "मी प्राध्यापक ब्रिंकमान. याहून चांगलं मलाही सांगता आलं नसतं. तुझं नाव काय?"

"तोम्के यान्सेन."

"शुक्रवारी दिसशील ना चाचणीला?"

तोम्केनं पाठीवरची बॅग चाचपली. बापाकडे बघितलं नाही. "दिसेन," ती म्हणाली.

गाडीतल्या भांडणात पहिला हाब्बो जिंकला होता. मागच्या सीटवर आता काही ठेवायचं नव्हतं.

"आणि आपण कोण?" ब्रिंकमानबाई त्याच्याकडे वळल्या.

"मी... ड्रायव्हिंग शिकवतो."

"अस्सं!" बाईंनी छत्री टेकवली. "मग आपल्यालाच विचारते. माझ्या राखीव जागेत टपावर पाटी लावलेली एक गाडी उभी आहे. असं करणाऱ्याला आपण लायसन्स द्याल का?"

त्या दिवशी वर्गात सगळ्यात जास्त टकटक या वाक्याला झाली.

तोम्के त्याला गाडीपर्यंत सोडायला आली. "मी राहते बाबा," ती म्हणाली. "छान!" हाब्बो म्हणाला, "छान, छान, छान!" आणि बराच वेळ किल्लीच सापडेना. तिनं त्याला घट्ट मिठी मारली आणि वर्गाकडे पळत गेली, कारण पुढचं उदाहरण सुरू झालं होतं. हाब्बो आरशात बघत बसला, ती दारातून आत जाईपर्यंत. मागून तीन गाड्यांनी हॉर्न दिले.

घरी गेझीनेनं दारातच विचारलं, "काय झालं?"

"राहिली."

"आणि तू?"

"नापास."

गेझीनेनं त्याचा कोट काढून घेतला. मग दोघांनी चहा घेतला. खुर्ची रिकामीच होती, पण त्या दिवशी हाब्बोनं दोनच कप काढले.

आता ऑक्टोबर उलटून गेलाय. चाचणीत पोरगी पास झाली, वर्ग सुरू झाले, आणि एक नवीनच सवय लागलीय तिला. काही अडलं, की बापाला फोन करते आणि समजावून सांगते. "तुला कळलं की मला कळलं असं समजायचं," म्हणते. परवा तीनच्या सुमाराला असाच फोन आला. ती सांगत होती, की एक रेघ घे, आधी तिचं अर्धं चाल, मग उरलेल्याचं अर्धं, मग त्यातून उरलेल्याचं अर्धं. असं कायम चालत राहिलास तर शेवटाच्या हवं तितकं जवळ जाशील, आणि सगळ्या तुकड्यांची बेरीज बरोबर अख्खी रेघ होते. बोलता बोलता तिनं वाटेत मैत्रिणीचं सांगितलं, ब्रिंकमानबाईंच्या छत्रीचं सांगितलं, खोलीतल्या गळक्या नळाचं सांगितलं, आणि परत रेघेवर आली.

"कळलं का, बाबा?"

कळलं होतं! आयुष्यात पहिल्यांदा, पहिल्या फटक्यात, अगदी लख्ख! हाब्बोनं छाती फुगवली. ओठांवर आलं होतं, की त्यात काय, सोपंच तर आहे! समोरून गेझीने बघत होती.

"नाही ग बाई," तो म्हणाला. "काही डोक्यात शिरलं नाही. परत सांग ना, पहिल्यापासून. आणि जरा सावकाश."